हार्डडिस्कचा पोटहिस्सा

आमच्या घरात कॉम्प्युटर एक होता आणि त्याच्यावर बसणारी माणसं दोन. एक माझा नवरा, दुसरी मी. नवरा भुशीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्याचं बुकिंग सांभाळायचा. बंगला दुसऱ्याचा. मालक मुंबईला राहायचे, आणि पाहुणे कधी येणार, किती जण, गाद्या किती टाकायच्या, जेवण सांगायचं की नाही, हे सगळं कामशेतला आमच्या पुढच्या खोलीत बसून हा ठरवायचा. त्यासाठी मालकांनी एक प्रोग्राम दिला होता आणि तो फक्त विंडोजवर चालायचा. मी पुस्तकांची आणि पत्रिकांची अक्षरजुळणी करायची. लग्नाआधी लोणावळ्यात एका छापखान्यात नोकरीला होते, तिथे सगळं लिनक्सवर होतं आणि माझा हात त्यावरच बसला होता. विंडोजवर मी तेच काम करू शकत होते, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्यासारखं वाटायचं.

भांडणं लहान लहान होती. मी कीबोर्ड मराठीवर ठेवून उठायचे. मग हा घाईत पाहुण्यांचं नाव इंग्रजीत टाकायचा आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. अंधेरीच्या एका कुटुंबाला ‘पगतरमि’ या नावाने पावती गेली. त्यांनी ती जपून ठेवली आणि दरवर्षी येताना सोबत आणायचे. उलट हा बंगल्याचे फोटो पडद्यावर कुठेही टाकून जायचा आणि मला एखाद्या लग्नपत्रिकेपर्यंत पोचायला स्विमिंग पूलमधल्या अनोळखी माणसांच्या गर्दीतून वाट काढावी लागायची.

एकदा जेवताना मी म्हटलं की एकाच मशीनवर दोन सिस्टिम बसवता येतात. चालू केल्यावर ते विचारतं कुठे जायचंय, आपण सांगायचं. तू तुझ्या घरात, मी माझ्या. फक्त हार्डडिस्कचं पार्टिशन करावं लागेल. नवरा ‘कर की’ म्हणाला आणि भाकरीकडे वळला. माझ्या सासऱ्यांचा हात मात्र ताटातच थांबला.

सासऱ्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणतात. ते सरकारी मोजणी खात्यात मोजणीदार होते. मावळात त्यांनी मोजणीची साखळी ओढली नाही असं शिवार शोधून सापडलं नसतं. निवृत्तीला बरीच वर्षं झाली होती, तरी कुठे दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले की माणसं अजून त्यांना विचारायला यायची. पत्नी गेल्यापासून ते कमी बोलायचे. वाटणी हा एकच विषय असा होता की त्यात ते तरुण व्हायचे.

“वाटणी कुणाकुणात?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आमच्या दोघांत, पण तशी नाही, मशीनमधली. आणि डिस्क म्हणजे काय, तिचे तुकडे कसे पाडतात, प्रत्येक तुकड्यात वेगळी व्यवस्था कशी नांदते, ते सांगितलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

“म्हणजे गट एकच आणि पोटहिस्से दोन,” ते म्हणाले.

मी म्हटलं, अगदी बरोबर. कॉम्प्युटरमधलं काही कुणाला इतक्या लवकर समजलं, याचा मला आनंद झाला होता. त्या आनंदाच्या भरात ते काम माझ्या हातातून गेलं, हे रविवारी सकाळी कळलं.

रविवारी आबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. खिशाला पेन, हातात लाकडी फूटपट्टी आणि भिंग. दोन्ही पक्ष हजर हवेत म्हणून त्यांनी नवऱ्याला बंगल्यावर जाऊ दिलं नाही. पंच लागतो आणि घरातला चालत नाही, म्हणून शेजारच्या मावशींना बोलावून घेतलं होतं. मावशी इंद्रायणी तांदळाचं सूप घेऊनच आल्या, कॉटवर मांडी घालून बसल्या आणि खडे निवडू लागल्या. मी काही बोलायला गेले तर आबा म्हणाले की रीतीने झालेलं बरं असतं, पुढे कुणाला बोलायला जागा राहत नाही.

मी डिस्कचा नकाशा उघडला. आडवी एक पट्टी आणि तिच्यात रंगीत तुकडे.

“चतुःसीमा सांगा,” आबा म्हणाले.

याला चार बाजू नसतात, मी सांगितलं. सगळं एका ओळीत असतं, इथे सुरू होतं आणि तिथे संपतं.

“म्हणजे पूर्व-पश्चिम. उत्तर-दक्षिणेला काय आहे?”

मी जरा विचार करून म्हटलं, काही नाही. आबांना हे पचायला वेळ लागला. इतकी अरुंद जमीन त्यांनी नोकरीत एकदाच पाहिली होती, रुळांच्या कडेला, आणि तिच्यावरून काका-पुतणे कोर्टात होते. मग त्यांचं लक्ष पट्टीच्या सुरुवातीच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे गेलं. ही कुणाची, त्यांनी विचारलं. कुणाचीच नाही, मशीनला उठायला लागते, तिला हात लावायचा नसतो. “सरकारी,” आबा म्हणाले आणि पुढे सरकले.

खरी अडचण फूटपट्टीने झाली. आबांनी ती पडद्याला लावली, भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की आकडे आणि नकाशा जुळत नाहीत. ते बरोबर होतं. लहान तुकडे दिसावेत म्हणून ते चित्रात मोठे काढतात, नाहीतर ते केसाएवढे दिसले असते. पण हे ऐकून आबा खरोखर दुखावले. आयुष्यभर त्यांनी प्रमाण सांभाळलं होतं. ज्याने हा नकाशा काढला त्याने खाली सही केली नसणार, एवढंच ते म्हणाले आणि पट्टी मांडीवर ठेवून दिली.

तोडायच्या आधी उभं पीक काढून घेतलंय का, हेही त्यांनी विचारलं. सगळ्या फाइली मी आदल्या दिवशीच बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवल्या होत्या. आबांनी मान डोलावली. मग आम्हा दोघांना उभं करून ‘कबूल?’ विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नातही त्याला असं स्पष्ट कुणी विचारलं नव्हतं. तो कबूल म्हणाला, मीही म्हणाले, आणि बटण दाबलं.

बराच वेळ पडद्यावर काहीच हललं नाही. मावशींचं सूप अर्धं झालं होतं. शेवटी पट्टीत एक काळा तुकडा मोकळा झाला, त्यात मी पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवलं, मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर ओळी उमटल्या. वर माझी, खाली नवऱ्याची.

मावशींनी विचारलं, “आता दोघं येगळी झाली का?”

“झाली,” आबा समाधानाने म्हणाले. “रीतसर.”

मावशी सूप उचलून घरी गेल्या.

पुढचे काही दिवस बरे गेले. नवरा एवढंच म्हणाला की त्याचं नाव खाली का. मी सांगितलं की ते आपोआप तसं येतं. तो बरं म्हणाला, पण सलग दोन दिवस चहा घेताना फक्त कपाशी बोलत राहिला, तेव्हा मी ओळींची अदलाबदल केली. मग घड्याळाचं प्रकरण झालं. माझी सिस्टिम मशीनच्या आतलं घड्याळ इंग्लंडच्या वेळेला लावून ठेवायची आणि मला दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवायची. त्याची सिस्टिम त्याच घड्याळाला भारताचं समजून जसंच्या तसं वाचायची. दोघींच्या आपापल्या रीती होत्या आणि दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. इंटरनेट असतं तेव्हा असल्या चुका आपसूक सुधारतात, पण त्या आठवड्यात पावसाने आमची लाइन बंद होती. नवऱ्याने शुक्रवारी पहाटे पाचच्या चहाबरोबर ‘उद्या’साठी एक बुकिंग घेतलं. मशीनच्या मते तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती. शनिवारचं बुकिंग शुक्रवारच्या खात्यात गेलं, शनिवार रिकामा दिसला आणि तो याने दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकला.

दोन्ही कुटुंबं एकाच वेळी बंगल्यावर पोचली. एक नाशिकचं, एक सुरतेचं. नवरा तिथे पोचेपर्यंत दोन्हीकडच्या बायकांनी खोल्या वाटून घेतल्या होत्या, स्वयंपाकघरात मसाल्यांचे डबे शेजारी शेजारी लागले होते, आणि पुरुष गच्चीत ताडपत्री बांधत होते. त्यांनी याला सांगितलं की आता मध्ये पडू नका. पुढच्या वर्षी दोघांनी मुद्दाम एकाच तारखेचं बुकिंग मागितलं. मी माझ्या बाजूने घड्याळ दुरुस्त केलं. आबांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जागा वाटल्या पण वेळ सामाईक राहिली, भांडण नेहमी सामाईकातच होतं.

तिकडे मावशी बाजारात गेल्या होत्या.

त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही, हे मी मान्य करते. आबांच्या घरात वाटणी झाली, मुलाची आणि सुनेची, मी पंच होते, दोघंही कबूल म्हणाली. इतकंच. तांदळाच्या दुकानात नवऱ्याला शेठजींनी बाजूला घेऊन विचारलं की जेवणाची सोय कुठे आहे. ज्या दुकानातून मी दूध आणायचे तिथल्या बाईने अर्ध्या लिटरची पिशवी पुढे केली आणि माझ्या दंडावर हात ठेवला. त्यानंतर दोन दिवसांनी लोणावळ्याहून माझी आई आली. तिने वाटेत डोळे पुसले होते हे दिसत होतं. घरात शिरल्यावर तिने पाहिलं, तर मी आणि नवरा एका खुर्चीवर दाटीवाटीने बसून बंगल्याचे फोटो बघत होतो. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली की कपाटातला एक कप्पा माझ्यासाठी रिकामा केलाय. मी सगळं समजावलं. तिला ते पटलंही, पण कप्पा आजपर्यंत रिकामाच आहे.

आईला परत गाडीत बसवून आले आणि त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, आत्या आल्या.

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. पवनानगरला दिलेली. धरणाच्या कडेला तंबू लावणाऱ्यांना त्या चुलीवरचं जेवण करून द्यायच्या, आणि त्यांच्या हातच्या माशाच्या कालवणासाठी माणसं पुण्याहून यायची. सीटवर भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमधून उतरून त्या थेट घरी आल्या, पायरीवर बसल्या आणि मी आणलेलं पाणी घेतलं नाही.

“पानी नगं. आदी मला सांग, दादा. वाटणी झाली म्हनं. मला इचारलं न्हाई.”

बहिणीशी बोलताना आबांची कचेरीतली भाषा गळून पडायची. त्यांनी विचारलं, कुनी सांगितलं. आत्या म्हणाल्या, समदं कामशेत सांगतंय, जीपवाला बी सांगत व्हता. मग आबांनी तिला हाताला धरून आत आणलं आणि टेबलाखालचा काळा डबा दाखवला. त्यात काय असतं, ते कसं वाटलं, का वाटलं, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. आत्या वाकून डब्याकडे बघत होत्या. डब्यातला पंखा घरघरत होता.

“म्हंजे वाटणी झाली न्हाई?”

“झाली. पर ह्यातली.”

“मंग ह्यातला माझा हिस्सा कुटंय?”

नवरा हसला. एकटाच हसला, म्हणून लगेच थांबला.

आबांनी कायदा सांगितला. ही वस्तू त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे बहिणीचा हक्क यात येत नाही. हे बोलताना ते आत्यांकडे न बघता डब्याकडे बघत होते.

“वडलांचं व्हतं, त्यात तरी कुटं आला?” आत्या म्हणाल्या.

मला ती गोष्ट तोवर माहीत नव्हती. वडिलांची भातखाचरं आबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात वाटली गेली तेव्हा आत्यांनी हक्कसोड दिली होती. सगळ्या बहिणी देतात तशी. सही कुठे करायची हे दाखवलं होतं, करायची का, हे कुणी विचारलं नव्हतं. हे सगळं आत्यांनी दोन वाक्यांत संपवलं. आवाज चढवला नाही. मग त्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या:

“तू नवा नवा नोकरीला लागलतास. मोजायचं शिकायला आपल्याच खाचरात साखळी वढायचास. तिचं टोक मी धरलं व्हतं, दादा. ढोपराएवढ्या चिखलात. तू म्हनायचास हलू नगंस. मी हलले न्हाई.”

मी चहा टाकायच्या निमित्ताने उठणार, तेवढ्यात आबा उठले, कोनाड्यातून फूटपट्टी काढली आणि मला म्हणाले, “सूनबाई, मशीन चालू करा. तिचा पोटहिस्सा पाडा.”

मी विचारलं, कुणाच्या वाट्यातून. दोघांच्या, समान, आबा म्हणाले. नवऱ्याने काही तरी सुरू केलं, पण आबांचा चेहरा बघून पुरं केलं नाही. माझ्या सिस्टिममध्येच आत्यांसाठी एक वेगळा कप्पा करून देते, असं मी सुचवलं. ते काम चुटकीसरशी झालं असतं. आबांनी ते मोडीत काढलं. तिला कुणाच्या घरात पाहुणी म्हणून ठेवायची नाही, तिचं घर वेगळं, दार वेगळं. म्हणजे तिसरी सिस्टिम. मी जुन्या मशीनसाठी असते तशी एक छोटी, हलकी निवडली आणि ती सगळी मराठीत केली. मावशींना पुन्हा बोलावण्यात आलं. या वेळी त्या शेंगा घेऊन आल्या.

मेन्यूत नाव काय द्यायचं, हे विचारलं तेव्हा आत्यांना पहिल्यांदा संकोच वाटला. त्या जरा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आत्या लिव्ह. समदी तेच म्हंत्यात.” आबांना त्यांची ओळ सगळ्यांत वर हवी होती. आत्या म्हणाल्या, खाली असू दे, खालच्या खाचरात पानी टिकतं.

मशीन चालू झालं. तीन ओळी आल्या. आत्यांना वाचता येत होतं. त्यांनी आपली ओळ बोट ठेवून वाचली, आणि मग पाणी मागितलं.

मावशी बाजारात गेल्याच. आबांनी बहिणीला पण हिस्सा दिला, ही बातमी पहिल्या बातमीपेक्षा वेगाने फिरली, आणि हिस्सा कशातला, हे कुणी विचारलं नाही. आसपासच्या गावांतून दोन-तीन बायका आबांना विचारायला आल्या की हे कसं करतात. आबांनी त्यांना कायदा अगदी बारकाईने सांगितला. त्याचा परिणाम असा झाला की संध्याकाळी पारावर बसणारे त्यांचे दोन जुने मित्र त्यांच्याशी बोलेनासे झाले. त्यांच्या बहिणींनी विषय काढला होता. आबा काही दिवस पारावर न जाता घरातच कॉम्प्युटरसमोर बसले. तो बंदच असायचा.

आत्या मात्र दर बाजाराला येऊ लागल्या. मासळी विकून, मीठ-मिरची घेऊन झाली की घरी यायच्या, हातपाय धुवायच्या आणि म्हणायच्या, खोल. मी त्यांची ओळ निवडायचे. हिरवा, मोकळा पडदा यायचा. त्यावर काहीच नसायचं. आत्या चहा पीत तो बघायच्या. “कुनी काय ठिवलं न्हाई न्हवं?” एवढं विचारायच्या. मी नाही म्हणायचे. समाधान झालं की जीप गाठायला निघायच्या. नवऱ्याचं म्हणणं पडलं की एवढी जागा पडीक राहते. हे त्याने आबांसमोर एकदाच म्हटलं.

पावसाळा जोरात सुरू झाला, भुशीकडे गर्दी झाली, बंगल्याचे फोटो वाढले आणि नवऱ्याचा हिस्सा भरला. माझ्याकडेही जागा नव्हती. त्याने काय केलं, तर मला न सांगता आत्यांची ओळ निवडून त्यांच्या मोकळ्या जागेत एक फोल्डर टाकून दिलं. आपण फक्त काही दिवसांसाठी ठेवलं होतं, असं तो पुढे म्हणाला. सगळे तसंच म्हणतात, आबा म्हणाले.

बाजाराच्या दिवशी आत्यांनी चहाचा कप तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. हिरव्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी खूण होती. ह्ये कुनाचं, त्यांनी विचारलं. मी उघडलं. आत स्विमिंग पूल, त्यात टायरवर बसलेले एक गृहस्थ, हातात मक्याचं कणीस. त्यानंतर तेच गृहस्थ, टायर उलटलेला.

आबांनी प्रकरण चालवलं. नवऱ्याला बंगल्यावरून बोलावून घेतलं. अतिक्रमण त्याने कबूल केलं. आबांचा निकाल स्पष्ट होता: त्याने आपल्या हाताने हटवावं, ताबडतोब. पण आत्या मध्ये बोलल्या. ऱ्हाऊ द्या, त्या म्हणाल्या. त्यांना ते गृहस्थ आवडले होते. मात्र जागा वापरायची तर वापरणाऱ्याने दर बाजाराला गाडी घेऊन पवनानगरला यायचं, त्यांना आणायचं आणि परत सोडायचं, पाटीसकट. नवऱ्याने पाटीत काय असतं हे आठवून विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आमची गाडी पुढे वर्षभर धरणाच्या माशांच्या वासाने भरलेली असायची. बंगल्याच्या पाहुण्यांना स्टेशनवरून घेताना तो सगळ्या काचा खाली करायचा, पावसातसुद्धा.

या गाडीच्या फेऱ्यांना कंटाळून शेवटी त्यानेच आबांना सुचवलं की आत्यांना रानातलाच खरा तुकडा द्या आणि हे मशीनमधलं मिटवा. तो ते अर्धवट रागाने म्हणाला होता. आबा म्हणाले, मी तेच ठरवलंय. त्यांनी ते कधी ठरवलं हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांच्या वाटणीच्या भातखाचरांतलं रस्त्यालगतचं एक, विहिरीच्या अलीकडचं, त्यांनी मनात बाजूला काढलं होतं. साखळी पूर्वीच कुठेतरी जमा झाली होती, म्हणून त्यांनी टेपने ते मोजलं. टेपचं दुसरं टोक मी धरलं. मला हलू नकोस, असं त्यांनी सांगितलं नाही.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पदराने डोळे दोनदा पुसले. मग नवरा हळूच म्हणाला की आता मशीनमधली जागा मोकळी करू या ना.

“का?” आत्या म्हणाल्या. “रान रानाच्या जागी, ह्ये ह्येच्या जागी. एकासाठी एक सोडा, असं मी म्हनले व्हते का?”

आबा म्हणाले की दोन्ही वेगळे गट आहेत, तिचं बरोबर आहे.

खाचर आत्यांच्या नावावर झालं. वडगावच्या कचेरीत आबा स्वतः गेले, आत्यांना घेऊन, आणि जेवणाचा डबाही त्यांनीच धरला होता. पण त्यानंतर जे झालं ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. रस्त्यालगतची जमीन आईच्या नावावर आली, हे कळल्यापासून आत्यांची मुलं त्यांच्या मागे लागली. थोरल्याला तिथे तंबू टाकायचे होते, धाकट्याला ते विकून गाडी घ्यायची होती, आणि सुनांचं आपापसात तिसरंच काही ठरलं होतं. दोन एजंट रोज चुलीजवळ येऊन बसायला लागले आणि कालवण खाऊन जायला लागले. आत्यांनी जमीन विकली नाही, तंबूही टाकू दिले नाहीत, पण घरात बसायची सोय उरली नाही, असं त्या म्हणायच्या.

म्हणून त्या आता बाजाराचा दिवस नसला तरी येतात. मला पुढे छापखान्याच्या कामासाठी लॅपटॉप मिळाला. नवऱ्याचं बुकिंग मोबाइलवर गेलं. टेबलाखालच्या काळ्या डब्यात आम्हा दोघांपैकी कुणी फारसं जात नाही. चालू केला की तीन ओळी येतात आणि दहातल्या नऊ वेळा खालचीच निवडली जाते. मी त्यांना पत्त्यांचा खेळ लावून दिला, आणि त्या त्यात बघता बघता तरबेज झाल्या. आबा शेजारी स्टुलावर बसतात आणि सांगतात, लाल नव्वी तिकडे न्या. आत्या त्यांना माउसला हात लावू देत नाहीत. माझ्या हद्दीत बोलायचं न्हाई, म्हणतात, आणि लाल नव्वी तिकडेच नेतात.

एकदा मी विचारलं की रान मिळाल्यावर याचं इतकं काय. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, “आगं, त्ये मिळालं त्या दिसापास्नं समदी म्हंत्यात, इकून टाक. ह्ये इक म्हनून अजून कुनी आलं न्हाई.”

त्या दिवशी पाऊस होता आणि दुपारी वीज गेली. पडदा काळा झाला. आत्या अर्ध्या डावात होत्या. मी म्हटलं, आता वीज यायला संध्याकाळ होईल, चला, गाडी काढायला सांगते. दोघांनीही ऐकलं नाही. थोरल्या भावाच्या नातीच्या लग्नाला कुणी कुणी आलं नव्हतं, यावर त्यांचं बोलणं चाललं होतं आणि एका नावावर एकमत होत नव्हतं. मी चहा ठेवायला उठले. आत जाताना पाहिलं, तर बोलता बोलता आत्यांचा हात अजून माउसवरच होता, आणि आबांनी आपलं स्टूल आणखी थोडं पुढे ओढून घेतलं होतं.